सुपरनॅचरल संपली, आणि डीनला मारलं कोणी, तर एका सळईने!

मिठाची_रेघ | २१ नोव्हेंबर २०२०

स्पॉयलर आहेत, अगदी शेवटच्या फ्रेमपर्यंतचे. ज्यांचं बघून व्हायचंय त्यांनी इथूनच मागे फिरा, नंतर माझ्या नावाने बोटं मोडू नका.

काल शेवटचा एपिसोड बघितला. त्यांची गुरुवारची रात्र म्हणजे आपली शुक्रवारची सकाळ. कुठे बघितला ते विचारू नका. दहाच्या मीटिंगला कॅमेरा बंद ठेवून बसले, कारण डोळे सुजून ही एवढे झाले होते. नवऱ्याने विचारलं, "कोण गेलं?" म्हटलं, डीन गेला. तर म्हणतो, "परत?"

त्याचंही बरोबर आहे म्हणा. हा माणूस किती वेळा मेला याचा हिशोब लिहिणाऱ्यांकडेही नसेल.

ज्यांनी कधीच पाहिली नाही त्यांच्यासाठी: १३ सप्टेंबर २००५ ला सुरू झालेली, परवा १९ तारखेला संपलेली अमेरिकन मालिका. १५ सीझन, ३२७ एपिसोड. कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावचे दोन भाऊ, थोरला डीन (जेन्सन ॲकल्स) आणि धाकटा सॅम (जॅरेड पॅडलेकी). सॅम सहा महिन्यांचा असताना पिवळ्या डोळ्यांच्या सैतानाने त्यांच्या आईला छताला चिकटवून जाळलं. बाप त्या रात्रीपासून भुताखेतांचा शिकारी झाला आणि पोरं १९६७ च्या शेवरले इम्पालाच्या मागच्या सीटवर वाढली. भुताला मीठ आणि लोखंड, व्हॅम्पायरचं थेट मुंडकं. पहिले पाच सीझन एरिक क्रिपकेच्या हातात होते, पुढे सूत्रं बदलत गेली. देवदूत आले, लुसिफर आला, देवाची बहीण आली, आणि शेवटी कळलं की सगळ्याच्या मुळाशी देवच बसलाय. आणि देव म्हणजे कोण, तर चक नावाचा एक फडतूस कादंबरीकार, ज्याला या दोन भावांचे हाल लिहायची चटक लागलीय.

१५ व्या सीझनभर भांडण आहे ते या चकशी. १९ व्या एपिसोडमध्ये जॅक (लुसिफरचा पोरगा, पण या भावांनी सांभाळलेला) त्याची सगळी शक्ती शोषून घेतो आणि विश्वाचा निर्माता साधा माणूस होऊन मातीत पडतो. मला वाटलं, संपलं. सुटले बिचारे.

मग २० वा. डीन उठतो, कुत्र्याचे लाड करतो. सॅम धावून येतो. घरातली बारीकसारीक कामं. दोघं ओहायोत ॲक्रनला 'पाय'च्या (म्हणजे सारण भरलेल्या त्या गोड पदार्थाच्या) जत्रेला जातात आणि सॅम तोच पदार्थ डीनच्या तोंडावर थापतो. मग एक साधी केस येते, मुखवटे घालून पोरं पळवणारे व्हॅम्पायर. नव्या शिकाऱ्यानेही एकट्याने निस्तरावी अशी. एका गोठ्यात मारामारी होते आणि खांबातून बाहेर आलेली सळई डीनच्या पाठीत घुसते. संपला.

पहिल्यांदा बघताना भयंकर राग आला. नरकात ४० वर्षं काढून आलेला, खुद्द मृत्यूला स्वतःच्या हाताने मारलेला माणूस, आणि त्याच्यासाठी एक गंजकी सळई? आपल्याकडे प्रत्येक अर्धवट बांधकामावर अशा शंभर सळया पुढच्या मजल्याची वाट बघत उभ्या असतात.

रात्री दुसऱ्यांदा बघितला आणि मत फिरलं. सांगते का.

आजवर डीन जेव्हा जेव्हा मेला तेव्हा मागे कोणाचा तरी डाव होता. नरकातल्या कुत्र्यांनी फाडलं, तो करार होता. मेटाट्रॉनने भोसकलं, ते देवदूतांचं राजकारण. आणि या सगळ्या डावांच्या वर बसून चक लिहीत होता. आता चक नाही. डीनला हे जे मरण आलंय ते पहिलंच, जे कोणी लिहिलेलं नाही. त्याला कारण नाही, अर्थ नाही, खलनायक नाही. तुम्हा-आम्हाला येतं तसं आलं. 'आमचं आयुष्य आमचं आम्हाला जगू द्या' म्हणून १५ वर्षं भांडलात ना? मग मरणही त्यातच आलं.

आणि दुसरी गोष्ट सॅमची. दोघांपैकी एक मेला की दुसऱ्याने जाऊन आत्मा गहाण टाकायचा, जग उलटंपालटं करायचं, ही या घराण्याची रीत. इथे सॅम मदत आणायला धावतो तर डीन म्हणतो, जाऊ नको, जवळ थांब. बजावतो की मला परत आणायचं नाही. आणि मग म्हणतो, तू सांग की ठीक आहे. सॅमच्या तोंडून ते निघत नाही. निघतं तेव्हा पॅडलेकीच्या हनुवटीकडे बघा. चेहरा कसाबसा धरून ठेवलेला असतो, हनुवटी तेवढी दगा देते.

पुढचा शॉट चितेचा. सॅम आणि मिरॅकल नावाचं ते कुत्रं, दोघंच. शिकाऱ्याला पुरत नाहीत, जाळतात, हे पहिल्यापासून माहीत आहे. बापालाही असाच अग्नी दिला होता. पण तेव्हा चितेसमोर भाऊ दोन होते.

तर माझ्या मते शेवट बरोबर आहे. शिव्या घाला, पण कारण देऊन घाला.

मंगळवार | २१ नोव्हेंबर २०२०

"परत?" हाहाहा. नवरोबांना साष्टांग.

माझा आयडी कशावरून आहे ते आता तरी लोकांना कळेल. तिसऱ्या सीझनमधला 'मिस्टरी स्पॉट'. सॅम रोज उठतो तो मंगळवारीच, रेडिओवर रोज तेच गाणं आणि रोज डीन मरतो. सॉसेज घशात अडकून, बाथरूममध्ये पाय घसरून, खराब टॅको खाऊन, रेझरचा शॉक लागून. शंभराच्या वर मंगळवार!

पण रेघ, हाच एपिसोड तुझ्या मुद्द्याला आडवा येतो बरं का. फालतू मरणं आपण आधीच पाहिलीत, फक्त तेव्हा पोट धरून हसत होतो. आणि आठव, त्यात बुधवार उजाडतो तेव्हा डीन खराच मरतो. पार्किंगमध्ये, एका भुरट्या चोराच्या गोळीने. ना सैतान ना देवदूत. पुढे सॅम सहा महिने वेड्यासारखा हा खेळ रचणाऱ्या ट्रिकस्टरच्या मागे हिंडतो. म्हणजे 'डीन साध्या कारणाने गेला तर सॅमचं काय होईल' हा पेपर २००८ मध्येच होऊन गेला होता आणि सॅम त्यात साफ नापास झाला होता. परवा पास झाला असं म्हणू हवं तर.

मी मात्र चितेपर्यंत रेडिओचा गजर वाजायची वाट बघत होतो.

कॅसची_वकील | २१ नोव्हेंबर २०२०

कारण देऊनच शिव्या घालते.

५ नोव्हेंबरचा एपिसोड. कॅस्टिएल, म्हणजे आमचा देवदूत कॅस, डीनसमोर उभा राहून सांगतो की माझं तुझ्यावर प्रेम आहे, आणि त्या आनंदाच्या क्षणीच 'एम्प्टी' (मेलेले देवदूत जातात ती पोकळी) त्याला गिळते. तोच तर त्याचा सौदा होता. तिकडे अमेरिकेत निवडणुकीची मतमोजणी चालली होती आणि माझी टाइमलाइन निम्मी नेवाडाची, निम्मी कॅसची. १२ वर्षं हे पात्र आहे. २००८ साली गोठ्याचं दार उघडून ठिणग्यांच्या पावसातून चालत आलं ते मालिकाच बदलून गेलं. आणि शेवटच्या एपिसोडमध्ये त्याच्या वाट्याला काय? मेल्यावर डीन स्वर्गात पोचतो तेव्हा बॉबी (दोघांना बापासारखा असलेला म्हातारा शिकारी) जाता जाता सांगतो की जॅकने स्वर्ग नीट केला, कॅसने मदत केली. डीन हसतो. खलास.

ते हसू मी दहा वेळा मागे नेऊन बघितलं. काय काढायचं त्यातून?

डीन गोठ्यात मेला याचा मला त्रास नाही. कॅस गोठ्यात आला होता, डीन गोठ्यात गेला, हे जुळवून आणलं असेल तर छानच. पण मग त्याच्या बोलण्याला उत्तर द्या ना. 'हो' नाही तर 'नाही'. एखाद्याने एवढं काळीज काढून समोर ठेवल्यावर माणूस काहीतरी बोलतो की नाही?

आज्जीचीगोधडी | २१ नोव्हेंबर २०२०

वकीलबाई, +१.

मी ही मालिका मुलाबरोबर बघायला लागले. तो नोकरीला बंगळूरला गेला, मी बघतच राहिले. मला शेवटच्या एपिसोडमधलं ते म्हातारपणाचं रंगकाम बघवलं नाही. १५ वर्षं चाललेल्या मालिकेला एक धड विग मिळू नये? आमच्या कॉलनीतल्या गणपतीतल्या नाटकात याहून बरे असतात. तो पांढरा विग घालून सॅम इम्पालात एकटा बसतो, स्टिअरिंगवर हात ठेवतो, आणि मी रडायचं सोडून त्याच्या कपाळावरची विगची रेघ बघत होते.

आणि सॅमची ती बायको कोण? मागे पुसट कोणीतरी हलतं. तिला चेहरा द्यायला काय झालं होतं?

मंगळवार | २१ नोव्हेंबर २०२०

गोधडीताई, विगचं खरंय. सोशल मीडियावर त्या विगला डीनपेक्षा जास्त श्रद्धांजल्या आल्यात.

विदर्भवीर | २२ नोव्हेंबर २०२०

माफ करा भाऊलोक, पण माझी मालिका १३ मे २०१० लाच संपली. 'स्वान साँग', पाचव्या सीझनचा शेवट. लुसिफर सॅमच्या अंगात शिरलेला, डीनला बुकलून काढून राहिला आहे, आणि तेवढ्यात उन्हाची तिरीप गाडीच्या दारातल्या ॲशट्रेवर पडते. लहानपणी सॅमने त्यात खुपसून ठेवलेला प्लास्टिकचा शिपाई अजून तिथेच अडकलेला. बस, त्या एका शिपायाने सॅम जागा होतो आणि सैतानाला घेऊन खड्ड्यात उडी मारतो. अख्खं महायुद्ध एका खेळण्याने थांबवलं बे! याच्यापुढे तुमची सळई कुठे लागते?

क्रिपकेच्या डोक्यात गोष्ट पाच सीझनचीच होती. पुढचे दहा म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. लेव्हायथन काय, ब्रिटिश मेन ऑफ लेटर्स काय. पाहिले मी पण, पण जेवताना.

मिठाची_रेघ | २२ नोव्हेंबर २०२०

विदर्भवीर, स्वान साँगपुढे मीही हात जोडते. पण एक सांगा, त्या एपिसोडचा निवेदक कोण? इम्पालाची जन्मकथा कोण सांगतो, शेवटी टाइप करणं थांबवून गायब कोण होतो? चक! तुम्हाला जो शेवट सर्वांगसुंदर वाटतो तो चकने लिहिलेला आहे, भाऊ. घाट आहे, बलिदान आहे, योग्य जागी ऊनसुद्धा पडतं. परवाच्या शेवटाला घाट नाही, कारण लेखक मेलाय. म्हणजे मेला नाही, रिटायर झालाय.

आणि पुढचे दहा फेकून द्यायचे तर ११ व्या सीझनमधला 'बेबी' जातो (अख्खा एपिसोड गाडीच्या आतून!), चेटकीण रोवीना जाते, कॅन्ससमधल्या लेबनन गावचा बंकर जातो, स्कूबी-डूच्या कार्टूनमध्ये घुसलेले दोघं जातात. मी नाही देणार.

कॅसची_वकील, तुझ्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. त्या हसण्यात काहीच नव्हतं असंही मला म्हणवत नाही.

खवीस | २२ नोव्हेंबर २०२०

मी सिंधुदुर्गातला, त्यामुळे भुतांच्या बाबतीत माझा शब्द प्रमाण मानावा.

ही दोन पोरं आमच्याकडे आली असती तर उपाशी मेली असती. यांचा धंदा चालतो कशावर? रात्री कबर खणा, हाडांवर मीठ टाका, पेट्रोल ओता, काडी लावा. आम्ही आधीच जाळून राख पाण्यात सोडलेली. खणणार काय, कपाळ? हां, पहिल्या सीझनमध्ये तो हुकवाला आहे, हाडं जाळली तरी जात नाही, कारण त्याच्या हुकाची चांदी वितळवून दुसऱ्या वस्तू केलेल्या असतात. तसली वस्तूला धरून बसणारी मात्र आमच्याकडे रग्गड. कोणी आजीच्या नथीला, कोणी सामाईक जमिनीच्या सातबाऱ्याला. त्या सातबाऱ्याला मीठ लावून बघा म्हणावं.

अवांतर: दुसऱ्या सीझनच्या दुसऱ्या एपिसोडमध्ये चक्क राक्षस आहे. आपलाच, नावासकट. जत्रेतला विदूषक होऊन येतो, मेलेल्या किड्यांच्या अंथरुणावर झोपतो, बोलावल्याशिवाय घरात शिरत नाही आणि मरतो कशाने तर पितळेच्या पात्याने. रावण-कुंभकर्ण ऐकत मोठे झालो आम्ही, आणि हा गडी समई दाखवली तरी पळेल. माझ्या आजीच्या फळीवरची भांडी बघून त्याला चक्करच आली असती.

आणि शेवटाबद्दल विचाराल तर आमच्या अण्णा नाइकांकडे बघा. 'रात्रीस खेळ चाले'त अण्णा पहिल्याच एपिसोडला वारले. मग दुसऱ्या पर्वात मागे जाऊन त्यांचं अख्खं आयुष्य दाखवलं. तिकडे मेलेल्याला परत आणायला आत्मा विकावा लागतो, इकडे नवीन पर्व काढलं की झालं.

आज्जीचीगोधडी | २२ नोव्हेंबर २०२०

खवीस, सातबारा! हसून हसून ठसका लागला.

राक्षसाचं एक वेळ सोडा. पाचव्या सीझनमधला तो हॉटेलचा एपिसोड आठवतोय का? जगभरचे देव मीटिंगला जमतात. ओडिन, बाल्डर, काली आणि आपला गणपती. मजेत बघत होते, डीनला हत्ती काय दिसतो. आणि मग लुसिफर येतो आणि एकेकाला मारत सुटतो, गणपतीसकट. मी टीव्ही बंद केला होता. मुलगा म्हणाला, अगं गोष्ट आहे ती. म्हटलं, असू दे, त्यांचा देव शेवटच्या सीझनपर्यंत जिवंत राहतो आणि आमचा अर्ध्या तासात जातो, ही कुठली गोष्ट?

खवीस | २२ नोव्हेंबर २०२०

ताई, तेव्हा मलाही राग आलेला. पण कालीला मारता आलं नाही हं त्याला. लुसिफरसमोर आगीचे लोळ घेऊन उभी राहिली आणि जिवंत बाहेर पडली. बाकी सगळे देव चिलट मारल्यासारखे गेले. तेवढी तरी लाज राखली.

आणि शेवटच्या सीझनमध्ये त्यांच्या देवाचं काय झालं बघा. मातीत लोळवून ठेवला. फिटली की परतफेड.

ढगाळ | २३ नोव्हेंबर २०२०

रेघ, 'कोणी न लिहिलेलं मरण' हा मुद्दा आवडला, पण त्यात एक भोक आहे.

याच सीझनमधला दहावा एपिसोड. चकने दोघांचं नायकांना मिळणारं खास नशीब काढून घेतलंय. डीनचे दात किडतात, गाडी बंद पडते, पार्किंगचा दंड होतो, सॅमला सर्दी. म्हणजे १५ वर्षं यांना कधी दातदुखी झाली नाही त्याचं कारण चक. इथवर तुझ्या बाजूने. पण अकराव्यात काय होतं? अलास्कातल्या त्या पूल हॉलमध्ये नशिबाची देवता फॉर्च्युना भेटते आणि शेवटी त्यांचं नशीब परत देते. मग नशीब परत मिळालेल्या माणसाच्या पाठीत सळई कशी घुसते? एक तर लेखक स्वतःचा एपिसोड विसरले, किंवा त्यांना डीनला मारायचंच होतं आणि जे हाताला लागलं त्याने मारलं.

मला दुसरं पटतं. शेवटच्या एपिसोडमध्ये डीनच्या खोलीत टेबलावर नोकरीचा अर्ज पडलेला दिसतो. बघितलात का? क्षणभरच दिसतो. जत्रेत तो स्वतः म्हणतो की आपण जगलो नाही तर गेलेल्यांचं बलिदान वाया जाईल. असं बोलणाऱ्या माणसाला दहा मिनिटांत मारायचं याला मी धाडस म्हणणार नाही. लबाडी म्हणेन.

मिठाची_रेघ | २३ नोव्हेंबर २०२०

ढगाळ, अर्ज बघितला होता. तो बघूनच दुसऱ्यांदा जास्त रडले.

फॉर्च्युनाचं: तिने दिलं ते नशीब चकच्या जगातलं. जॅक नवा देव झाल्यावर काय म्हणतो? मी कशात हात घालणार नाही, लोक आपापलं बघतील. हात घालणारच कोणी उरलं नाही तर नशीब तरी कोण वाटणार? ओढून ताणून आहे, मान्य. पण दहाव्या एपिसोडमधली दातदुखी उगाच नव्हती. त्या दिवशी लेखकांनी सांगून टाकलं होतं की चकचा हात निघाला की हे दोघं कसे जगतील. तुमच्या-माझ्यासारखे. आणि तुमच्या-माझ्यासारखी माणसं मागे न बघता पडली की लागतं काहीतरी पाठीला.

लबाडीबद्दल: आठव्या सीझनमध्ये, त्या नरकाच्या कुत्रीला मारायच्या परीक्षेच्या वेळी, डीन सॅमला काय सांगतो आठव. मी हातात बंदूक घेऊनच मरणार, तू मात्र बायको-पोरं-नातवंडं बघ, टक्कल पडेपर्यंत जग. तोच त्याला हवा असलेला शेवट होता. तंतोतंत तसंच झालं. सॅमने पोराचं नाव डीन ठेवलं आणि शेवटच्या दिवशी तो पोरगा बापाला तेच सांगतो जे बापाने भावाला सांगितलं होतं.

ढगाळ | २३ नोव्हेंबर २०२०

आठव्या सीझनमधला डीन स्वतःला कवडीमोल समजायचा म्हणून तसं बोलला होता. पुढची सात वर्षं त्याला हे शिकवण्यात गेली की तूही जगायच्या लायकीचा आहेस. कॅसने जाता जाता तेच सांगितलं. शिकला, अर्ज आणला, आणि मेला. तुझं म्हणणं तर्काला धरून आहे गं, पण मला ते पोचत नाही.

कॅसची_वकील | २३ नोव्हेंबर २०२०

ढगाळ, तुझ्या तोंडात साखर पडो.

मंगळवार | २३ नोव्हेंबर २०२०

साखर नको, मीठ. भूत निघालं तर?

बर्फातला_मराठी | २४ नोव्हेंबर २०२०

व्हँकुव्हरहून लिहितोय. तुम्ही १५ वर्षं जे कॅन्सस, ओहायो आणि फ्लोरिडा बघितलंत ते सगळं आमचं ब्रिटिश कोलंबिया. फ्लोरिडात एवढी सूचिपर्णी झाडं कुठून आली हे कोणी विचारलं नाही हेच नवल. पहिल्या सीझनमधला वेड्यांच्या इस्पितळाचा एपिसोड आठवत असेल; ते कोक्विटलमचं जुनं रिव्हरव्ह्यू हॉस्पिटल. दिवसा बाहेरून गेलं तरी पाय उचलून चालावंसं वाटतं.

शेवटाबद्दल भांडताना एक गोष्ट लक्षात घ्या. मार्चमध्ये शूटिंग बंद पडलं तेव्हा फक्त शेवटचे दोन एपिसोड राहिले होते. ऑगस्टमध्ये परत सुरू केलं ते कोव्हिडच्या नियमांत. इथे बाहेरून येणाऱ्याला १४ दिवस विलगीकरण सक्तीचं होतं, नट असो की नटसम्राट. म्हणजे दोन दिवसांच्या कामासाठी पाहुण्या कलाकाराने दोन आठवडे खोलीत बसायचं. मूळ बेतात स्वर्गातल्या रोडहाऊस बारमध्ये बरेच जुने चेहरे एकत्र आणायचे होते. त्यातला एकटा बॉबी आला. १० सप्टेंबरला काम संपलं.

म्हणून त्या एपिसोडमध्ये माणसंच नाहीत. चितेजवळ नाहीत, सॅमच्या संसारात तर बायकोसुद्धा धूसर. चितेचा प्रसंग रेघताईंना दोघांमुळे भिडला, पण ती गरज होती की निवड, कोण सांगणार? एरवी त्यांच्या शेरीफ मैत्रिणी, जोडी मिल्स आणि डोना, तरी आल्याच असत्या.

सगळ्यात शेवटी पुलावर दोघं कॅमेऱ्याकडे वळून आभार मानतात आणि मागे सगळं युनिट उभं राहून हात हलवतं ते बघितलंत ना? इथल्या कितीतरी तंत्रज्ञांचं अर्धं करिअर या एका मालिकेवर गेलं. पोरं झाली, शाळेत गेली, बाप रोज उठून भुतांचं लायटिंग करायला जातोय.

मिठाची_रेघ | २४ नोव्हेंबर २०२०

हे लिहिलंत ते फार बरं केलंत. चितेजवळ जोडी, डोना, शिकारी मित्र गार्थ उभे असते तर बघायला बरं वाटलं असतं, पण मग ते शिकाऱ्यांचं अंत्यदर्शन झालं असतं. ही दोघं एका गाडीत वाढली. पायलट एपिसोडमध्ये डीन मध्यरात्री सॅमच्या घरात घुसतो तेव्हा त्याला दुसरं कोणीच नसतं. गरजेपोटी का होईना, मालिका तिथेच जाऊन संपली.

स्वर्गाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. पूर्वी प्रत्येक जण स्वर्गात आपापल्या आठवणींच्या खोलीत कोंडलेला असायचा, जॅकने भिंती पाडल्या, उत्तम. मग एवढा मोकळा स्वर्ग मिळाल्यावर डीन करतो काय, तर गाडी चालवतो. जुनी नंबरप्लेट लावलेली इम्पाला, 'कॅरी ऑन वेवर्ड सन' लावतो आणि रस्ता. आई-बाप पलीकडेच राहतात म्हणून बॉबी सांगतो, हा पठ्ठ्या तिकडे बघतही नाही. सॅम येईपर्यंत थांबायचं नाही, जेवायचं नाही, कोणाच्या दारात जायचं नाही. गाणं सुरू झाल्यावर मी ही तक्रार विसरले, हेही लिहून ठेवते. दर सीझनच्या शेवटी 'द रोड सो फार' या मागच्या गोष्टीच्या झलकेबरोबर ते वाजायचं आणि दर वेळी अंगावर काटा यायचाच.

विदर्भवीर | २४ नोव्हेंबर २०२०

गाण्यावर सगळ्यांचं एकमत. त्याच्यावर तरी भांडू नका आता.

संपादक | २५ नोव्हेंबर २०२०

कॅस-डीन विषयावरचे काही प्रतिसाद वैयक्तिक झाल्याने उडवले आहेत. मालिकेवर बोला, एकमेकांच्या संस्कारांवर नको.

कॅसची_वकील | १६ मे २०२३

धागा वर काढतेय. 'द विंचेस्टर्स' बंद केली, वाचलंत का? १३ एपिसोडांत आटोपली. सॅम-डीनच्या आई-बापाच्या तरुणपणाची गोष्ट, जेन्सनच्या आवाजात. तिच्या घोषणेच्या वेळी २०२१ मध्ये जॅरेडला ट्विटरवरून बातमी कळली आणि त्याने जाहीर नाराजी दाखवली, तेव्हा मला खरंच वाटलं होतं की हे दोघं आता आत्मा गहाण टाकायच्या नात्यातले राहिले नाहीत. मिटलं म्हणा ते लवकरच.

शेवटच्या एपिसोडमध्ये काय निघालं ते सांगते. स्वर्गातल्या त्या ड्राइव्हवर डीन इकडेतिकडे फिरत बसला नव्हता, तर दुसऱ्याच एका विश्वात जाऊन तिथल्या आई-बापाचं निस्तरत होता! रेघ, तुझी तक्रार अडीच वर्षांनी मिटली. माझ्या अशिलाचं अजून काही नाही.

मिठाची_रेघ | १७ मे २०२३

बघितली. पहिले चार एपिसोड नेटाने, पुढचे सवयीने. डीनची एंट्री आल्यावर मात्र ताठ बसले. तक्रार मिटली असं नाही म्हणणार, कारण मला तो आईच्या दारात जायला हवा होता आणि तो गेला दुसऱ्याच कोणाच्या आईकडे. पण मेल्यावरही रिकामा बसवत नाही, हे आमच्या डीनला शोभतं.

तुझ्या अशिलाबद्दल मत बदललंय. तेव्हा म्हटलं होतं उत्तर नाही. आता वाटतं, तो एक संवाद लिहायला हवा होता. विलगीकरण नको, पाहुणा नको, खर्च नको. बॉबीसमोर डीनच्या तोंडी एक वाक्य. तेवढं जमण्यासारखं होतं.

कॅसची_वकील | १७ मे २०२३

अडीच वर्षं! पण घेतलं.

नवं_पाखरू | २ जून २०२३

मी आत्ता चौथ्या सीझनवर आहे. स्पॉयलरचा इशारा वाचून मागे फिरणार होते, पण ते शीर्षकातच आहे हो!

मंगळवार | २ जून २०२३

चौथ्यावर आहेस म्हणजे तो एकदा मरून आलेला बघितलास. मग कसला आलाय स्पॉयलर. खवीस, यांना जरा मार्गदर्शन करा.

खवीस | ३ जून २०२३

पाखरा, पाचव्याला श्वास घ्यायला वेळ मिळणार नाही. सहाव्याला कंटाळलीस तरी सोडू नको, 'द फ्रेंच मिस्टेक' आहे त्यात. दोघं खिडकीतून आपटतात ते थेट शूटिंगच्या सेटवर, आणि सगळे त्यांना जॅरेड-जेन्सन म्हणतात. सातव्याला लेव्हायथन येतील, तिथे भाजी निवडत बघितलं तरी चालेल. आणि हा धागा बंद कर आता, वर वाचलंस तेवढं पुरे.